पिल्लाच्या पोटातले जंत आणि कुंभाराचं गाढव



संयोजकांनी मला विचारलं, या वेळी विषय काय? मी म्हटलं, "कुत्र्याच्या पिल्लाचे जंत." ते थोडे थांबले आणि म्हणाले, "सर, आम्हाला वाटलं तत्त्वज्ञानातलं काहीतरी..." (हशा) त्यांचं चुकलं नाही. कारण कशाला म्हणायचं आणि पुरावा कशाला म्हणायचं, या दोन प्रश्नांवर मी आयुष्यभर वर्गात बोललो. पण दीड किलोचं एक पिल्लू घरी आलं, तेव्हा या दोन्ही विषयांत मी नापास झालो. ती गोष्ट आधी सांगतो, मग जंतांकडे वळू. एक सूचना आधीच देऊन ठेवतो. औषधाची मात्रा मी सांगणार नाही. ती पिल्लाला हातात घेऊन, वजन करून, जनावरांच्या डॉक्टरांनीच ठरवायची असते. का, ते पुढे येईलच.

आमच्या सोसायटीच्या मागे एक अर्धवट राहिलेलं बांधकाम होतं. तिथे एक गावठी कुत्री व्याली. पिल्लं पाचेक आठवड्यांची असताना आई गाडीखाली गेली. शेवटी दोन पिल्लं उरली. एक माझ्या नातीने घरी आणलं. ती तेव्हा पाच वर्षांची होती. पिल्लाच्या अंगावर पिवळे, तपकिरी, काळे असे सगळे रंग, म्हणून त्याचं नाव पडलं 'चिवडा'. दुसरं पिल्लू आमच्या वॉचमनच्या मुलांनी त्यांच्या खोलीत नेलं.

पिल्लांना जंत असतात एवढं मी ऐकून होतो. दुकानातून जंताचं पातळ औषध आणलं आणि अंदाजाने पाजलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शीमध्ये शेवयांसारखे पांढरे जंत पडले, त्यातले काही वळवळत होते. सूनबाईंना किळस आली, मला समाधान वाटलं. शत्रू बाहेर पडताना मी डोळ्यांनी पाहिला होता ना! तरी खात्री असावी म्हणून दहा दिवसांनी शी तपासून घेतली. अहवाल आला की अंडी आढळली नाहीत. माझ्या दृष्टीने विषय संपला.

त्याच सुमारास वॉचमनच्या खोलीतलं पिल्लू गेलं. पोट नगाऱ्यासारखं, बाकी अंगाची काडी. त्याला औषध कोणी दिलंच नव्हतं. खाली चर्चा सुरू झाली. घाणीत ठेवलं, मुलं त्याला गूळ-पोळी भरवायची, दुसरं काय होणार? हे बोलणाऱ्यांत मी होतो. नुसता होतो असंही नाही. त्या मुलांच्या आईला मी उभ्या उभ्या सांगितलं, "अहो, गूळ घातलात म्हणून जंत झाले." ती काही बोलली नाही. धाकटा मुलगा तिच्या मागे उभा राहून रडत होता. पुढच्या आठवड्यात त्यांचं काम सुटलं आणि ते कुटुंब गावी गेलं.

त्यानंतर चारच दिवसांनी आमचा चिवडा उठेना. घरात चकचकीत फरशी, पिल्लाला वेगळी ताटली, गूळ औषधालाही नाही. डॉक्टरबाईंनी त्याचा ओठ वर करून हिरड्या दाखवल्या. कागदासारख्या पांढऱ्या. "काका, औषध कितीदा दिलं?" "एकदा." "वजन किती होतं तेव्हा?" मी गप्प. "आई कुठली?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग हे जंत तुमच्या घरात लागलेले नाहीत. हे त्याला आईकडून आलेत."

हे एक वाक्य समजून घेण्यासाठी आजचं व्याख्यान आहे.

जंत येतात कुठून?

पिल्लांमध्ये सगळ्यात जास्त आढळतो तो गोल जंत. टोक्सोकारा कॅनिस हे त्याचं शास्त्रीय नाव. मी ज्या शेवया पाहिल्या त्या हेच जंत. कुत्रीने कधीतरी मातीतून याची अंडी गिळलेली असतात. अंड्यातून निघालेल्या अळ्या तिच्या आतड्यात वाढतीलच असं नाही. पुष्कळशा अळ्या तिच्या स्नायूंत आणि इतर अवयवांत जाऊन निपचित पडून राहतात, महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं. त्या कुत्रीची शी तपासली तर काही दिसणार नाही. ती ठणठणीत असते.

मग ती गाभण राहते. कुत्रीचे दिवस साधारण ६३. त्यातले सहा आठवडे झाले, की या झोपलेल्या अळ्या जाग्या होतात, नाळेतून पोटातल्या पिल्लांमध्ये शिरतात. पिल्लू जगात येतं ते जंताच्या अळ्या घेऊनच. जन्मानंतर अळ्या फुप्फुसात असतात, तिथून घशात येतात, पिल्लू त्या गिळतं आणि त्या आतड्यात पोचतात. म्हणून काही पिल्लं खोकतात आणि आपल्याला वाटतं सर्दी झाली. साधारण तीन आठवड्यांत जंत मोठे होऊन अंडी घालायला लागतात. डोळे उघडून जेमतेम आठवडा झालेल्या पिल्लाच्या शीमध्ये अंडी! काही अळ्या दुधातूनही येतात.

दुसरा आकडी जंत, म्हणजे हुकवर्म. हा एक-दोन सेंटिमीटरचा, दोऱ्यासारखा बारीक. तोंडाने आतड्याला चिकटतो आणि रक्त पितो. पिल्लाला हा मुख्यतः आईच्या दुधातून मिळतो. शिवाय ओल्या मातीतल्या अळ्या कातडीतूनही आत शिरतात. एक जंत दिवसाला एक दशांश मिलिलिटरपर्यंत रक्त घालवतो. हे ऐकायला काहीच नाही. पण दीड किलोच्या पिल्लाच्या अंगात रक्त असतं साधारण सव्वाशे मिलिलिटर. शंभर जंत असतील तर दिवसाला दहा मिलिलिटर. हिशोब तुम्हीच करा.

तिसरा पट्टीसारखा चपटा जंत, टेपवर्म. याचं आपल्याकडचं नेहमीचं वाहन म्हणजे पिसू. पिल्लू अंग चावताना पिसू गिळतं आणि पिसवेतली अळी पोटात जाते. शेपटीखाली किंवा अंथरुणावर तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले, तर हा जंत समजा. याचं औषध वेगळं असतं, आणि पिसवा तशाच ठेवल्या तर महिन्याभरात हा परत येतो.

गुळाचा दोष किती?

न्यायदर्शनात एक प्रसिद्ध दृष्टांत आहे. कुंभार घट करतो. माती, चाक, दंड ही घटाची कारणं. पण ती माती गाढवाच्या पाठीवरून आली. मग गाढव हे घटाचं कारण का? ते तर आधी हजर होतंच! नैयायिक म्हणतात, नाही. माती दुसऱ्या कशावरून आणली असती तरी घट झालाच असता. गाढव 'अन्यथासिद्ध' आहे. म्हणजे कार्याच्या आधी ते असतं, पण कार्य त्याच्यावाचून अडत नाही.

वॉचमनच्या मुलांचा गूळ हे कुंभाराचं गाढव. पिल्लाने गूळ खाल्ला, पोट बिघडलं, शीतून जंत पडले. आपण जोडणी केली की गुळाने जंत झाले. पण गुळात ना अंडं ना अळी. जंत आधीच आत होते, गुळामुळे फार तर ते बाहेर दिसले. मी ही साधी परीक्षा घ्यायला हवी होती, की गूळ काढून टाका, जंत होतात का? उत्तर माझ्याच घरात शेपटी हलवत फिरत होतं. एकाच आईची दोन पिल्लं. एक फरशीवर, एक कोब्यावर. एकाला गूळ, एकाला नाही. जंत दोघांना.

आता कोणी म्हणेल, आजीसुद्धा हेच सांगायची. आजीच काय, चरकसंहितेच्या विमानस्थानात सातव्या अध्यायात कृमींची चर्चा आहे, तिथेही विशिष्ट कृमींच्या कारणांत दूध, गूळ, तीळ अशी यादी येते. इटलीत फ्रान्चेस्को रेदीने १६६८ साली झाकलेल्या आणि उघड्या बरण्यांत मांस ठेवून दाखवलं, की अळ्या मांसातून उपजत नाहीत, माश्यांच्या अंड्यांतून येतात. तोच रेदी पोटातले जंत मात्र शरीरातच तयार होतात असं मानत राहिला. कारण जंताचं अंडं मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही लहान, आणि आईच्या स्नायूत झोपलेली अळी तर कोणी पाहिलेलीच नव्हती. तेव्हा आजीला दोष नाही. पण आपण आजीच्या काळात राहत नाही, आणि मी तर मुळीच राहत नव्हतो.

एकदा औषध दिलं, मग पुन्हा का?

हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. पिल्लांना बहुतेक वेळा पायरँटेल हे औषध देतात. ते आतड्यातल्या जंतांना लुळं पाडतं, त्यांची पकड सुटते आणि ते शीबरोबर बाहेर पडतात. म्हणून तर ते कधी कधी जिवंत दिसतात. हे औषध आतड्यातून अंगात फारसं शोषलं जात नाही. त्यामुळे ते दोन आठवड्यांच्या पिल्लालाही चालतं. पण त्याच कारणाने यकृतात, फुप्फुसात फिरत असलेल्या अळ्यांना ते स्पर्शही करत नाही.

म्हणजे काय झालं? आज आतड्यात जे होते ते गेले. वाटेवर जे होते ते पुढच्या दोन आठवड्यांत आतड्यात पोचले. पोरांनी भरलेली बस स्टँडवर रिकामी केली म्हणून मागची बस येणार नाही असं नाही. (हशा) म्हणून वेळापत्रक असं असतं: दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या आणि आठव्या आठवड्यात औषध, नंतर सहा महिन्यांचं होईपर्यंत दर महिन्याला, पुढे साधारण दर तीन महिन्यांनी. पिल्लांना दूध पाजणाऱ्या आईलाही त्याच वेळी. हे वेळापत्रक जंताच्या आयुष्यावर बेतलेलं आहे. औषध कंपनीच्या फायद्यासाठी ते कोणी रचलेलं नाही. पिल्लू पाच-सहा आठवड्यांचं असताना घरी आलं आणि आधीचं काही ठाऊक नसेल, तर वाट न बघता सुरू करायचं आणि दोन-दोन आठवड्यांनी पुढे न्यायचं.

आणि प्रत्येक वेळी वजन. या वयात पिल्लू दोन आठवड्यांत इतकं वाढतं की मागची मात्रा पुढच्या वेळी अपुरी पडते. स्वयंपाकघरातल्या काट्यावर टोपलीत बसवा, टोपलीचं वजन वजा करा. मी अंदाजाने पाजलं होतं. डॉक्टरबाईंच्या हिशोबाने ते निम्मंच होतं. दुसरं असं की गुराढोरांचं इंजेक्शन किंवा माणसांची गोळी मोडून देऊ नका. आयव्हरमेक्टिनसारखं औषध कोली जातीच्या काही कुत्र्यांना नेहमीपेक्षा जास्त मात्रेत जिवावर बेतू शकतं, आणि गुरांच्या बाटलीतून मात्रा चुकायला वेळ लागत नाही.

दिसलं नाही म्हणजे नाहीच का?

आता माझ्या दुसऱ्या नापासाकडे येतो. माझ्याकडे दोन पुरावे होते. एक, जंत पडलेले मी पाहिले. दोन, शीचा अहवाल स्वच्छ होता.

मीमांसकांच्या कुमारिल परंपरेने आणि वेदान्त्यांनी 'अनुपलब्धी' हे स्वतंत्र प्रमाण मानलं. जमिनीवर घडा दिसत नाही, यावरून घडा नाही असं ज्ञान होतं. पण त्यांनी लगेच अट घातली की अनुपलब्धी 'योग्य' हवी. म्हणजे घडा असता, तर या उजेडात, या जागेवरून तो दिसलाच असता, असं म्हणता आलं पाहिजे. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, यावरून काहीच सिद्ध होत नाही.

शीच्या तपासणीत सूक्ष्मदर्शकाखाली जंत शोधत नाहीत, जंतांची अंडी शोधतात. अंडी घालते ती वयात आलेली मादी. पिल्लाच्या अंगात वाढत असलेले, अजून अंडी न घालणारे जंत शेकड्यांनी असले तरी अहवाल स्वच्छच येणार. दुधातून आलेला आकडी जंत अंडी घालायच्या आधीच रक्त प्यायला लागतो. त्यामुळे अंडं दिसायच्या आतच पिल्लू दगावू शकतं. प्रयोगशाळेचं काहीच चुकलं नव्हतं. त्यांनी लिहिलं होतं, "अंडी आढळली नाहीत." मी वाचलं, "जंत नाहीत." या दोन वाक्यांतला फरक मी पहिल्या वर्षाच्या मुलांना समजावून सांगत असे.

आणि मी पाहिलेले जंत? ते गोल जंत होते. आकडी जंत बारीक, आतड्याला धरून बसलेला. तो शीमध्ये सहसा दिसतच नाही. तेव्हा त्याची चिन्हं दुसरीकडे बघायची. रोज पिल्लाचा ओठ वर करा. हिरडी गुलाबी हवी. पांढुरकी हिरडी, डांबरासारखी काळी शी, खेळताना मधेच बसून राहणं, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे. रक्ताची पातळ शी आणि सतत उलट्या असतील, तर जंत आहेत असं ठरवून घरी औषध पाजत बसू नका. तो पार्व्होही असू शकतो, आणि त्यात एकेक तास मोलाचा असतो.

घरातल्या मुलांचं काय?

चिवडा दवाखान्यात होता तेव्हा घरात वेगळाच वाद पेटला. सूनबाई म्हणाल्या, "बाबा, पिल्लू बरं झालं तरी परत आणायचं नाही. आपल्या घरात लहान मूल आहे." भीती निराधार नव्हती. कुत्र्याच्या गोल जंताचं अंडं माणसाच्या पोटात गेलं तर त्याचा मोठा जंत होत नाही, पण अळी शरीरात भटकते. यकृत, फुप्फुस, क्वचित डोळा. १९५२ साली अमेरिकेत पॉल बीव्हर आणि सहकाऱ्यांनी लहान मुलांमधल्या या आजाराचं कारण दाखवून दिलं. बहुतेकांना त्रास जाणवतही नाही, पण थोड्या मुलांची दृष्टी अधू होऊ शकते. आकडी जंताच्या अळ्या माणसाच्या कातडीत शिरून नागमोडी, खाजरी रेघ उठवतात. समुद्रकिनाऱ्याच्या ओल्या वाळूत अनवाणी चालणाऱ्यांना हा अनुभव येतो.

पण इथेही जंताचं आयुष्य नीट पाहिलं की वाट सापडते. गोल जंताचं ताजं अंडं बाधा करू शकत नाही. ते तयार व्हायला मातीत साधारण दोन ते चार आठवडे लागतात. एकदा तयार झालं की मात्र ते वर्षानुवर्षं टिकतं, आणि फिनेलला दाद देत नाही. म्हणजे पिल्लाची शी रोजच्या रोज उचलली, तर साखळी तिथेच तुटते. पिल्लाला जवळ घेण्यापेक्षा, कुत्र्यांनी घाण केलेल्या मातीत खेळून न धुतलेला हात तोंडात घालणं जास्त धोक्याचं. मी सूनबाईंना म्हटलं, पिल्लू नको म्हणालात तरी बागेतली माती राहणारच आहे. हात धुणं तर दोन्हीकडे लागणार.

मघाशी ज्या चरकाची गुळाची यादी आपण बाजूला ठेवली, त्याच अध्यायात उपचाराची जी पद्धत सांगितली आहे ती मात्र आजही खणखणीत आहे. तीन पायऱ्या: अपकर्षण म्हणजे जंत बाहेर काढणं, प्रकृतिविघात म्हणजे त्यांना जगायला अनुकूल असलेली स्थिती मोडणं, आणि तिसरी, ज्या कारणांनी ते होतात ती टाळणं. पिल्लापुरतं सांगायचं तर:

पहिलं, औषध. वजन करून, वेळापत्रकाने, तारखा कॅलेंडरवर लिहून.

दुसरं, जागा. शी रोज उचलायची, अंथरूण उकळत्या पाण्यात धुवून कडक उन्हात वाळवायचं, पिल्लाची जागा कोरडी ठेवायची. आकडी जंताच्या अळीला ओल लागते, कोरड्या उन्हात ती तगत नाही.

तिसरं, कारणं. पिसवांचा बंदोबस्त करायचा, कच्चं मांस आणि खाटकाकडची आतडी-काळीज घालायचं नाही, मुलांनी जेवणाआधी साबणाने हात धुवायचे, मातीत चप्पल घालायची.

आपल्या देशात २०१५ पासून १० फेब्रुवारीला राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळतात, शाळा-अंगणवाड्यांत मुलांना गोळी देतात. मुलांचे ते जंत वेगळे, पण विचार तोच. तिथे कोणी प्रत्येक मुलाला विचारत नाही, की तू घाणेरडा आहेस का, गूळ किती खातोस. जंत असण्याची शक्यता मानून सगळ्यांना औषध दिलं जातं. दोष शोधायला कोणी थांबत नाही म्हणून काम होतं.

शेवटचं थोडं

चिवडा वाचला. पाच दिवस दवाखाना, रक्तवाढीची औषधं, योग्य मात्रेत जंताचं औषध, मग दोन-दोन आठवड्यांनी पुन्हा. आज तो बावीस किलोचा आहे आणि मी हे भाषण लिहीत असताना माझ्या पायावर झोपला होता.

दुसरं पिल्लू वाचलं असतं का? मला वाटतं, वाचलं असतं. मी बाटली आणली तेव्हा ती निम्म्याहून जास्त उरली होती. दोन मजले खाली उतरून जायचं, एवढंच काम होतं. दोन्ही पिल्लांची आई एकच आहे हे मला माहीत होतं. ते मला सुचलं नाही. आणि पिल्लू गेल्यावर जे सुचलं ते हे, की त्या बाईंना त्यांची चूक समजावून सांगावी.

त्यांचा पत्ता मी नंतर मिळवायचा प्रयत्न केला. मिळाला नाही. तो रडणारा मुलगा आता मोठा झाला असेल, आणि आपण गूळ भरवला म्हणून पिल्लू मेलं असंच तो समजत असेल. एका म्हाताऱ्या प्रोफेसरने सांगितलं होतं ना! त्याच्यापर्यंत हे पोचणार नाही, मला ठाऊक आहे. पण तुमच्यापैकी कोणाच्या जिन्याखाली, पार्किंगमध्ये, बांधकामावर कुत्री व्यालेली असेल. पिल्लं कुठल्या घरी गेली ते बघा. स्वतःच्या पिल्लासाठी औषध आणाल तेव्हा त्याच्या भावंडांचंही वजन करून घ्या, डॉक्टरांना विचारा, आणि बाटली घेऊन खाली जा. कोणाच्या घरात किती स्वच्छता आहे ते बघायला जाऊ नका.